कललेलं पान

"मेजर, हे तिरकं झालंय तेवढं सरळ करून द्या. माहितीपत्रकासाठी फोटो काढायचाय."

संग्रह सांभाळणाऱ्या पोरानं कपाटातून बंदूक काढली, टेबलावर अंथरलेल्या घोंगडीवर ठेवली आणि बोट दाखवून तो बाजूला उभा राहिला. आमच्या सातारा भागात फौजेतून परतलेल्या कुणालाही गाव मेजर म्हणतं. मी निवृत्त झालो तो हवालदार म्हणून, आणि फौजेतलं माझं काम आर्मररचं. चोवीस वर्षं मी दुसऱ्यांनी चालवायच्या बंदुका दुरुस्त केल्या. त्यामुळे गावात कुणाच्या ठासणीच्या बंदुकीचा घोडा अडकला किंवा कुठल्या संस्थेच्या भिंतीवरच्या हत्याराला गंज चढला, की मला बोलावणं येतं.

ही बंदूक निकामी केलेली होती, आतली सुई काढलेली. पण बाकी शरीर शाबूत होतं. पेटीच्या उजव्या अंगाला मुकुट, त्याखाली व्ही. आर. ही राणी व्हिक्टोरियाची अक्षरं, मग एन्फिल्ड, मग 1878, आणि शेवटी रोमन आकड्यातला दोन. मार्टिनी-हेन्री, मार्क दोन. हिला मॅगझीन नाही. दस्त्याखालची दांडी खाली ओढायची की ठोकळा उतरतो, रिकामं काडतूस बाहेर पडतं. बोटानं नवं काडतूस सारायचं, दांडी वर घ्यायची, बार काढायचा. एका वेळी एकच गोळी. पुढची हवी असेल तर पुन्हा पहिल्यापासून.

पोरानं दाखवलेला दोष खरा होता. या रायफलीच्या मागच्या साइटला शिडीसारखं एक पान असतं. जवळच्या निशाणासाठी ते नळीवर आडवं पडून राहतं, लांबच्यासाठी उभं करायचं आणि त्यावरचा सरका हव्या त्या आकड्याला आणायचा. उभं केलेलं पान सरळ उभं राहायला हवं. हे डाव्या अंगाला कललं होतं. गुण्या लावून पाहिलं तर दोनेक अंशांचा फरक. लाकडाचा ठोकळा आणि हलकी हातोडी घेतली असती तर पाच मिनिटांचं काम होतं.

मी म्हटलं, "आज नको. उद्या भिंग घेऊन येतो."

पोरगा हिरमुसला. पण मला आमचे उस्ताद आठवले. फौजेत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात. आमचे हरियाणाचे होते आणि हिंदुस्थानीत बोलायचे. त्यांच्या बोलण्याचा मतलब असा, की साइट आपोआप वाकडी होत नसते. तिला मार बसलेला असतो, नाहीतर कुणीतरी ती जाणून वाकडी केलेली असते. आधी कुठलं ते ओळख, मग हातोडी उचल.

साइट दुरुस्त करणं म्हणजे काय, हे त्यांनी आम्हांला .22 च्या रायफलीवर शिकवलं. पहिला धडा साइटला हात न लावण्याचा. रायफल वाळूच्या पिशव्यांवर पक्की टेकवायची, नळी कोरडी पुसायची आणि एकाच ठिकाणी नेम धरून पाच गोळ्या झाडायच्या. कागदावरची पाच भोकं विखुरली असतील तर दोष साइटचा नाही. स्क्रू ढिले असतील, पट्टा सैल असेल, पावसाळ्यात दस्त्याचं लाकूड फुगून नळीला ढोसत असेल, किंवा चाप ओढणारा झटका देत असेल. पाचही भोकं एका रुपयाखाली झाकली जातात पण निशाणापासून बाजूला आहेत, अशी वेळ आली तरच साइटकडे वळायचं.

मग हिशेब. मागची साइट ज्या बाजूला सरकवाल त्या बाजूला गोळी जाते. पुढची माशी सरकवली तर गोळी उलट्या बाजूला जाते. किती सरकवायचं ते त्रैराशिकानं काढायचं. समजा दोन साइट्समधलं अंतर 60 सेंटिमीटर आहे आणि 25 यार्डांवर पाच गोळ्या 4 सेंटिमीटर डावीकडे पडल्या. तर मागची साइट उजवीकडे सरकवायची जेमतेम एक मिलिमीटर. पितळेच्या पंचानं, टिचकीएवढ्या ठोक्यांनी. पुन्हा पाच गोळ्या. पुन्हा मोजणं. साइट चकाकत असेल तर तिच्यावर कापराची काजळी धरायची, कारण एका बाजूनं ऊन पडलं की माशीची उजळलेली कड डोळ्याला मोठी वाटते आणि नेम तिकडे ओढला जातो.

उस्ताद नेमाला शिस्त म्हणायचे. "शिस्त लो." फौजेच्या हिंदुस्थानीत हा शब्द अजून त्याच अर्थानं चालतो. जुन्या मराठीतही शिस्त धरणं म्हणजे नेम धरणं. शब्द फारसीतून आलेला. पुढे आपण तो रांगेत उभं राहण्यासाठी आणि शाळेतल्या छडीसाठी वापरायला लागलो. मला मात्र त्याचा पहिला अर्थच खरा वाटतो. डोळा, मागची खाच, पुढची माशी आणि निशाण एका रेषेत आणणं, एवढीच शिस्त. बाकी सगळी त्यातून येते.

त्या रात्री झोप लागेना. मार्टिनीच्या त्या पानामागे आमच्या लोकांच्या वाट्याला आलेली एक जुनी गोष्ट आहे, आणि ती मी नोकरीत असताना तुकड्यातुकड्यांनी जमवली होती.

आपल्याकडे 1857 ची गोष्ट काडतुसांपासून सुरू होते. चरबी लावलेली काडतुसं, दातांनी तोडायचं टोक. ती बरोबरच आहे. पण ती काडतुसं ज्या बंदुकीसाठी होती ती 1853 ची एन्फिल्ड रायफल होती, आणि तिच्यावर शिपायांनी पूर्वी न वापरलेली एक वस्तू होती: 900 यार्डांपर्यंतचे आकडे कोरलेलं, उभं राहणारं पान. त्याआधीची ब्राउन बेस ही आतून गुळगुळीत नळीची मस्केट. शंभर यार्डांपलीकडे एका माणसावर नेम धरून तिनं मारणं म्हणजे नशिबाचा खेळ. तिला खरी मागची साइट नव्हतीच. समोरच्या रांगेवर रोखायची आणि सगळ्यांनी मिळून बार काढायचा. एन्फिल्डच्या नळीत आतून पीळ होता. त्यामुळे गोळी भोवऱ्यासारखी फिरत, दिशा धरून जायची. अंतर ओळखायचं, पानावरचा सरका त्या आकड्याला लावायचा आणि एकट्यानं नेम साधायचा, हे नवं कसब शिकवायला डमडम, अंबाला आणि सियालकोट अशी तीन केंद्रं उघडली गेली. वेगवेगळ्या पलटणींतून निवडक शिपाई तिथे पाठवले जात होते. जानेवारी 1857 मध्ये डमडमलाच काडतुसांची कुजबूज सुरू झाली, आणि 31 जुलैला तर आपल्या कोल्हापुरात 27 व्या बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्रीतले शिपाई उठले.

उठाव मोडल्यावर सरकारनं जे केलं ते फारसं कुणी सांगत नाही. हिंदी पायदळासाठी एन्फिल्डसारखीच दिसणारी बंदूक तयार झाली, तिला 1858 चा पॅटर्न म्हणतात. बाहेरून तीच लांबी, तोच दस्ता. पण नळीतला पीळ कातून काढला आणि भोक .577 इंचावरून .656 इंच केलं. वरचं शिडीचं पान काढलं आणि त्या जागी एक न हलणारी, साधी खाच बसवली.

आर्मरर म्हणून मला हे वाचून फार दुखलं होतं. बिघडलेली साइट मी शेकडो वेळा पाहिली आहे. गाडीतून पडून वाकलेली, गंजून अडकलेली, नवख्यानं पक्कडीत धरून चेपलेली. ती पुन्हा नीट करता येते. पण चांगल्या बंदुकीचा डोळाच मुद्दाम काढून घेणं ही दुरुस्तीच्या उलटी गोष्ट. कारागिरानं यंत्र लावून, मापानं, सफाईनं केलेलं काम. शिपाई हवा होता, त्याची छाती हवी होती, रांगेत उभं राहणं हवं होतं. त्यानं तीनशे यार्डांवर एकट्यानं एक माणूस टिपावा, हे मात्र नको होतं.

त्याच सुमाराला इंग्लंडमध्ये काय चाललं होतं? 2 जुलै 1860 रोजी विम्बल्डनच्या मैदानावर नॅशनल रायफल असोसिएशनची पहिली स्पर्धा झाली. जोसेफ व्हिटवर्थ या यंत्रकारानं आपली रायफल लोखंडी घोडीवर पक्की बांधून, 400 यार्डांवरच्या निशाणावर रोखून ठेवली होती. राणी व्हिक्टोरियानं रेशमी दोरी ओढली आणि गोळी निशाणाच्या मध्याला अगदी लागून बसली. एका मुलखात अचूक नेमाचा असा उत्सव, आणि त्याच राणीच्या दुसऱ्या मुलखात शिपायाच्या बंदुकीवरचं पान उपटलेलं. हे दोन प्रसंग एकमेकांशेजारी ठेवले की मला त्या काळातलं राज्य समजतं.

पुढे हळूहळू हत्यारं आली, पण एक पिढी मागून. 1866 नंतर गोऱ्या पलटणींकडे मागून भरायची स्नायडर आली. ती हिंदी शिपायाकडे पोचेपर्यंत गोऱ्यांकडे मार्टिनी येऊ लागली होती. मार्टिनी-हेन्री 1871 ला ब्रिटिश फौजेनं घेतली. तिचा ठोकळ्याचा जुगाड बोस्टनच्या हेन्री पीबडीचा, तो सुधारला स्वित्झर्लंडमध्ये काम करणाऱ्या फ्रीडरिश फॉन मार्टिनीनं, आणि नळीचा सात खाचांचा पीळ एडिनबरोच्या अलेक्झांडर हेन्रीचा. 85 ग्रेन काळी दारू, 480 ग्रेनची शिशाची गोळी, म्हणजे सुमारे 31 ग्रॅम. एवढी जड गोळी सेकंदाला जेमतेम 400 मीटर वेगानं निघते. ती सरळ जात नाही. गोफणीतल्या धोंड्यासारखी कमान घेऊन जाते. म्हणून त्या पानाची गरज. लांबचं मारायचं तर नळीचं तोंड उचलायला हवं, आणि किती उचलायचं ते पान सांगतं. मार्टिनीच्या पानावर चौदाशे यार्डांच्या पुढपर्यंतचे आकडे आहेत.

27 जुलै 1880 ला अफगाणिस्तानात मैवंदच्या उघड्या माळावर ही एका पिढीची तफावत एकाच रांगेत उभी होती. जनरल बरोजच्या सुमारे 2,500 च्या ब्रिगेडमध्ये 66 व्या पलटणीचे गोरे शिपाई मार्टिनी-हेन्री घेऊन होते. त्यांच्या बरोबरीनं लढणारे पहिले बॉम्बे ग्रेनेडियर्स आणि 30 वी बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्री, म्हणजे जेकब्स रायफल्स, यांच्या हातांत स्नायडर होत्या. ब्रिगेडचे साडेनऊशेच्या वर लोक त्या दिवशी पडले. ती लढाई हरण्याची कारणं पुष्कळ होती: शत्रूची संख्या, त्यांच्या तोफा, पाण्याविना तळपणारं ऊन, जेकब्समधली नवी भरती. मी बंदुकीवर सगळा दोष टाकत नाही. पण मुंबई इलाख्याच्या फौजेत कोकण आणि देशावरची पोरं भरती होत, हे मला ठाऊक आहे. शेजारच्या गोऱ्या शिपायाच्या हातात जे होतं ते आपल्या हातात नाही, हे माळावर उभ्या असलेल्या माणसाला दिसत असणार. त्याला ते कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आणखी दोनच वर्षं मागे, 1878 मध्ये, शस्त्रांचा कायदा आला होता. हिंदी माणसाला परवाना लागणार, युरोपियनाला सूट. टेबलावरच्या मार्टिनीवर कोरलेलं सालही तेच आहे.

मार्टिनी हिंदी पलटणींना मिळाली ती गोऱ्यांसाठी मॅगझीनची ली-मेटफर्ड आल्यावर. म्हणजे या बंदुकीचं आयुष्य दोन हातांतून गेलेलं असू शकतं. आधी कुणा इंग्रज पोराच्या, मग आपल्यापैकी कुणाच्या.

आणि 1858 ची ती गोष्ट पुन्हा एकदा घडली. पुढे ईशापूरच्या रायफल कारखान्यात .303 च्या रायफली घेऊन पोलिसांसाठी .410 ची मस्केट बनवली जाऊ लागली. नळी गुळगुळीत, मॅगझीनच्या जागी लाकडाचा ठोकळा, एका वेळी एक काडतूस. स्वातंत्र्यानंतरही देशातल्या कित्येक पोलीस ठाण्यांत त्या उभ्या होत्या. मी त्यातली पहिली हातात घेतली तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. मॅगझीनच्या जागेत बोट घातलं तर आत लाकूड. उस्तादांना विचारलं, हे कशाला? ते म्हणाले, जितका भरवसा तितकी बंदूक.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भिंग, पाणसळ आणि मऊ फडकं घेऊन संग्रहात गेलो. पोरगा चहा घेऊन आला आणि शेजारी बसला.

"आज करताय ना सरळ, मेजर?"

"बघू. आधी तिला विचारू, कुणी वाकवलं."

प्रथम साइटची बैठक पाहिली. मार्टिनीची मागची साइट नळीवर डाखानं आणि स्क्रूनं पक्की केलेली असते. बैठकच फिरलेली असती तर दोष तिथे होता. नळी घोंगडीवर समतल केली, पाणसळ ठेवली; बैठक चोख होती. मग पान पाडलं. आडव्या पडलेल्या पानाची, म्हणजे जवळच्या पल्ल्याची खाच नळीच्या बरोबर मध्यावर होती. माशीही मध्यावर. जवळचं सगळं सरळ. वाकडेपण फक्त पान उभं केल्यावर दिसत होतं. मार बसला असता तर पानाला पीळ पडला असता, कुठेतरी घाव दिसला असता, बिजागरीची खीळ झिजली असती. पान पट्टीसारखं सपाट होतं, खीळ घट्ट होती.

मग भिंग बिजागरीच्या बैठकीवर आणलं. पान उभं राहिल्यावर ज्या कडेवर टेकतं, तिथे डाव्या बाजूला कानशीचे बारीक, एकाच दिशेचे ओरखडे होते. अन् त्या ओरखड्यांवर नळीसारखाच जुना तपकिरी रंग बसलेला होता. म्हणजे कानस चालवून झाल्यावर कुणीतरी ते नीट रंगवलं, लोखंड उघडं ठेवलं नाही. घाईनं, चोरून केलेलं काम असं नसतं. शिपायाला साइटला हात लावायची मुभा नसते. हे माझ्या धंद्यातल्या माणसाचं काम होतं.

मी पोराला कागदावर काढून दाखवलं. या रायफलीच्या नळीतला पीळ उजवीकडे फिरतो. फिरती गोळी लांब जाता जाता फिरण्याच्या बाजूला थोडी थोडी सरकते. दोनशे यार्डांवर ते कळतही नाही. पल्ला वाढतो तसं ते वाढत जातं. आता समजा दोन साइट्समध्ये 700 मिलिमीटर अंतर आहे, आणि आठशे मीटरांसाठी सरका 25 मिलिमीटर वर नेला. पान दोन अंश डावीकडे कललेलं असेल तर खाच डावीकडे सरकते मिलिमीटरभराहून थोडी कमी. आठशे मीटरांवर तेवढ्यानं गोळी डावीकडे येते सुमारे एक मीटर. सरका खाली असताना हा फरक जवळजवळ नाही. सरका जितका वर, तितका फरक जास्त. गोळी उजवीकडे वाहत जाते आणि कललेलं पान तिला पावलापावलानं डावीकडे आणतं.

"म्हणजे हे मुद्दाम केलंय?"

"मुद्दाम, आणि हिशेबानं."

अमेरिकेत हीच युक्ती कारखान्यातून बाहेर पडली होती. त्यांच्या स्प्रिंगफील्ड या एकबारी रायफलीसाठी बफिंग्टन नावाच्या अधिकाऱ्याची साइट 1884 ला घेतली गेली. तिच्या रचनेतच तिरकेपण होतं, सरका वर नेला की खाच आपोआप बाजूला सरकायची. नव्या माणसाला ती साइट सदोष वाटते. ती बरोबर असते, कारण तिनं गोळीचा स्वभाव ओळखलेला असतो. गोळी सरळ जात नाही तिथे साइटनं सरळ उभं राहून काय उपयोग?

आता माझ्यापुढे टेबलावर ती बंदूक होती आणि मला तिचा कारागीर जवळजवळ दिसत होता. कुठल्याशा छावणीत, चांदमारीच्या मैदानामागच्या छपरीत, गुडघ्यावर रायफल घेऊन बसलेला. आठशे यार्डांवरून गोळ्या कुठे पडल्या ते कुणी तरी येऊन सांगतंय. तो कानशीचे चार हात मारतो, पान उभं करून बघतो, आणखी दोन मारतो. पुन्हा बार. पुन्हा कानस. आमच्या धंद्यात सही करत नाहीत. बंदुकीवर राणीचं नाव असतं, कारखान्याचं असतं, पलटणीचा आकडा असतो. दुरुस्त करणाऱ्याचं कुठेच नसतं. त्याची सही म्हणजे हे चार ओरखडे.

एका माणसानं यंत्रावर बसून शिपायांच्या बंदुकांवरचं पान काढून टाकलं, ते वरच्या हुकमानं. या माणसानं कुणाच्या तरी गोळीनं चुकू नये म्हणून पानाची बैठक कानसली. दोघंही लोखंडावरच काम करत होते. मला माझ्या चोवीस वर्षांचं नातं या दुसऱ्याशी सांगावंसं वाटतं. ज्याच्या हातात हत्यार आहे त्याला लांबचं नीट दिसावं, त्याचा नेम खरा ठरावा, एवढंच आमचं काम. त्याच्यावर भरवसा ठेवल्याशिवाय ते होत नाही.

मी फडक्याला थोडं तेल लावून पान पुसलं, सरका चारदा वर-खाली केला, पानाला तसंच उभं केलं आणि बंदूक पोराकडे दिली.

"फोटो असाच काढ. पान उभं ठेवून, मागच्या बाजूनं. तिरकं नीट दिसलं पाहिजे."

त्यानं खिशातून पेन काढलं, कपाटातल्या जुन्या चिठ्ठीवर "मार्टिनी-हेन्री, 1878" एवढंच लिहिलेलं होतं, त्याखाली जागा होती. "काय लिहू, मेजर?"

मी सांगितलं आणि त्यानं लिहिलं: मागच्या साइटचं पान डावीकडे कललेलं आहे. ते दुरुस्त केलेलं आहे.